एका पोच्याची गोष्ट

बालमित्रांनो, तुमच्या घरी जुनी स्कूटर आहे का? प्लॅस्टिकची नव्हे हं, पत्र्याची! असली तर आज संध्याकाळी तिच्या अंगावरून हात फिरवून बघा. कुठे तरी हाताला खळगा लागेल, कुठे तरी रंगाचा पोत बदललेला कळेल. तिथे एखादी गोष्ट दडलेली असते. आमच्या स्कूटरवर अशी एक जागा आहे आणि तिची गोष्ट मी माझ्या वर्गातल्या मुलांना अजून सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगतो.

मी परतूरचा. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मनमाडहून नांदेडकडे जाणारी रेल्वे आमच्या गावातून जाते. दुधना नदी जवळ आहे आणि चहूकडे कापसाची शेतं. परतूर आधी परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा नवा झाला आणि आम्ही जालन्यात आलो. जिल्हा बदलला, थंडी मात्र परभणीचीच राहिली! तुम्ही हिवाळ्यात वर्तमानपत्रं वाचत असाल तर परभणीचं नाव नक्की पाहिलं असेल. तिथल्या कृषी विद्यापीठात पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात येते. १७ जानेवारी २००३ ला तो २.८ अंशांवर आला होता. ती तारीख मला पाठ आहे. का, ते पुढे येईलच.

तेव्हा मी सातवीत होतो. बाबा आष्टीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात शिक्षक होते आणि रोज स्कूटरवर शाळेत जात. ती बजाज चेतक होती, हिरवीगार. संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाबा आत्याकडे नांदेडला गेले. रविवारी संध्याकाळी येणार होते. स्कूटर अंगणात स्टँडवर उभी होती. शेजारचा मित्र म्हणाला, "तुला ती स्टँडवरून उतरवता तरी येते का?"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. चेतकचं वजन शंभर किलोच्या आसपास. आमचं अंगण हौदाकडे उतरतं. स्टँडवरून उतरवेपर्यंत मी स्कूटरला धरलं होतं. त्यानंतर तिनंच मला ओढत नेलं. उजव्या अंगावर ती हौदाच्या दगडी कोपऱ्यावर आदळली. उचलून बघितलं तर इंजिनवरच्या फुगीर झाकणाला मुठीएवढा पोचा आणि भोवतीचा रंग सालपटं निघाल्यासारखा. मित्र कधी पळाला ते मला कळलंसुद्धा नाही.

इथे थोडं थांबून या स्कूटरबद्दल सांगतो, कारण तिच्या पत्र्याला महत्त्व आहे. तिची मूळ आई इटलीची. १९४६ मध्ये कोरादिनो दास्कानियो नावाच्या इंजिनिअरनं 'व्हेस्पा' तयार केली. हा माणूस आधी विमानं आणि हेलिकॉप्टरं बनवायचा. त्यानं सायकलीसारखा नळ्यांचा सांगाडा ठेवलाच नाही. पत्राच असा दाबून वळवला की तोच सांगाडा झाला. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मागचा भाग फुगीर आणि मध्ये कंबर बारीक, म्हणून ते नाव. बजाजनं आधी व्हेस्पा आपल्याकडे बनवली आणि १९७२ मध्ये चेतक आणली. नाव अर्थातच राणा प्रतापांच्या घोड्याचं. एके काळी तिच्यासाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. पुढे ती बंद झाली आणि २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली. आमची मात्र जुनीच. तिचं इंजिनवरचं झाकण सुटं निघतं. माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की झाकण काढायचं, नीट करायचं, लावायचं, आणि रविवारच्या आत सगळं संपवायचं!

माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो स्टेशनच्या बाजूला एका डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात हाताखाली काम करायचा. त्याला दाखवलं. दादानं झाकण दोन बोटांनी वाजवून बघितलं आणि मोठ्या मिस्त्रीच्या ऐटीत म्हणाला, "काही नाही रे, दोन दिवसांचं काम!"

उन्हाळ्यात ते दोन दिवसांचंच काम होतं. दादानं ते उन्हाळ्यातच पाहिलं होतं आणि आमची पहिली फसगत तिथेच झाली.

बुधवारी दुपारी शाळा बुडवून (हे आईला आजच कळेल!) आम्ही परसात बसलो. वाळू भरलेल्या पोत्यावर झाकण उपडं ठेवलं आणि आतल्या बाजूनं आईच्या कपड्याच्या धोपाटण्यानं ठोकायला लागलो. पोचा बराचसा वर आला. मग उरलेल्यासाठी दादानं लोखंडी हातोडी घेतली आणि आम्ही हौसेनं जरा जास्तच ठोकलं. पत्रा ठोकला की तो ताणला जातो, मुलांनो. पोळी लाटताना जशी पसरते तसाच. पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नसते, मग तो बेडकाच्या गळ्यासारखा फुगतो. आमचंही तेच झालं. पोचा गेला आणि त्या जागी टेंगूळ आलं! ते बसवता बसवता संध्याकाळ झाली.

मग लांबी. तुम्ही म्हणाल, लांबी तर फूटपट्टीनं मोजतात! ती वेगळी. पत्र्यावर उरलेले लहान खळगे भरायला जो लगदा लावतात त्याला आमच्याकडे लांबी म्हणतात, दुकानात पुट्टी म्हणून मागायची. डब्यात राखाडी लगदा असतो आणि सोबत छोटी ट्यूब. ट्यूबमधला लालसर मलम म्हणजे हार्डनर. तो लगद्यात मिसळला की लांबी आपोआप घट्ट होते. वाळत नाही बरं का, घट्ट होते. दोन पदार्थांची आपसात क्रिया होते आणि लगद्याचा दगड बनतो. मला संक्रांतीला मिळालेले पैसे आणि दादाचे साठवलेले, दोन्ही तिथे गेले.

उन्हाळ्यात ती वीस मिनिटांत दगड होते. दादानं लावली, आम्ही वीस मिनिटं बसलो. तासभर बसलो. रात्री जेवून पुन्हा कंदील घेऊन गेलो. लांबी श्रीखंडासारखी मऊच! सकाळी बघितलं तर वरून साय धरलेली आणि आत तशीच. अशा रासायनिक क्रियांचा एक ढोबळ हिशोब असतो. गारवा दहा अंशांनी वाढला की क्रियेचा वेग साधारण निम्म्यावर येतो. आणखी दहा अंश उतरला की त्याच्याही निम्मा. हे मला पुढे डी.एड. करताना नव्हे, त्याच आठवड्यात कळलं. पण बुधवारी ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं हार्डनर कमी पडलं.

गुरुवारी सगळं खरवडून पुन्हा लांबी कालवली. या वेळी ट्यूब माझ्या हातात होती. दादा म्हणाला, "थोडं जास्त घाल." मी थोडं घातलं. मग आणखी थोडं. मग उरलेली ट्यूब दाबून सगळीच रिकामी केली. लगदा गुलाबी झाला. आणि काय सांगू, रात्री झोपायच्या आत तो टणक! मी तर मनात म्हटलं, आपण मिस्त्रीपेक्षा हुशार.

शुक्रवार, १७ जानेवारी. तीच ती पाठ झालेली तारीख. पहाटे सहाला उठून मी हौदाच्या पाण्यात वॉटर पेपर बुडवून लांबी घासत होतो. बोटं आपली आहेत की दुसऱ्याची हे कळत नव्हतं. दुधनेकडून धुकं आलेलं, तोंडातून वाफा. दर दोन मिनिटांनी हात काखेत घालायचे आणि पुन्हा घासायचं. (लांबी पाण्यानं घासायचीच नसते, ती पाणी पिते, हेही आम्हाला माहीत नव्हतं.) शाळेत दिवसभर पेन धरता आलं नाही. गुरुजींनी विचारलं तर म्हटलं, थंडी.

संध्याकाळी रंग. गॅरेजमध्ये रंग मारायला कॉम्प्रेसर आणि गन असते. आमच्याकडे ढेकूण मारायचा फ्लिटचा पंप होता. तो धुऊन त्यात थिनर घातलेला हिरवा रंग भरला. दिवस मावळला होता. दादा पंप मारत होता, मी दिवा धरला होता. पहिला हात असा सुरेख बसला की मी टाळी वाजवली! आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तो हिरवा रंग पांढुरका व्हायला लागला. आधी कडा, मग मधला भाग. जणू कुणी रंगावर दूध सांडलं होतं. दादानं वर आणखी एक हात मारला. तोही पांढरा.

"वाळला नाही म्हणून होतंय," दादा म्हणाला. "ऊब पाहिजे."

इथून पुढचं वाचताना, मुलांनो, जरा सावध वाचा.

आमचं घर जुनं माळवदाचं, जाड मातीच्या भिंतींचं. मागच्या खोलीला एकच झरोका. आम्ही झाकण तिथे नेलं, थंडी येऊ नये म्हणून दार लावलं, झरोक्यात पोतं कोंबलं आणि चुलीतले निखारे शेगडीत भरून आणले. रंगाचा डबा उघडा, थिनरची बाटली उघडी, पंप बाजूला. आम्ही दोघं शेगडीपाशी हात शेकत बसलो. खोलीत गोडसर उग्र वास भरला होता आणि माझं डोकं जड झालं होतं.

दार धाडकन उघडलं. आजी! तिला ओसरीवर वास गेला होता. तिनं एक शब्दही न बोलता पदराच्या दोन घड्या केल्या, शेगडी उचलली आणि तशीच चालत जाऊन अंगणाच्या पार टोकाला मातीत उलटी केली. मग परत आली.

"काय करायलात रे आत?" ती म्हणाली. "झाकण लई मिळतील बाजारात. लेकरं मिळत न्हाईत."

तिच्या तळहाताला दोन फोड आले होते. ते तिनं आईला चुलीचे म्हणून सांगितले.

तिनं अंदाजानं जे ओळखलं त्यामागचं कारण मला नंतर समजलं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून पसरते आणि विस्तव लांब असला तरी त्याच्यापर्यंत पोचते. त्यात आमचा रंग कसला होता? मिस्त्री लोक त्याला 'डुको' म्हणतात. १९२३ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं त्या नावाचा रंग आणला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला कित्येक आठवडे लागत, हा काही तासांत वाळू लागला. आणि तो बनतो कशापासून? कापसापासून! सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंवर आम्लांची क्रिया करून जो पदार्थ होतो तो या रंगात असतो. त्याचाच सख्खा भाऊ तोफा-बंदुकांच्या दारूत वापरतात. आपल्या शेतातल्या पांढऱ्याशुभ्र कापसाचं हे रूप मला अजून चमत्कारिक वाटतं. अशा रंगाशेजारी, बंद खोलीत, निखारे घेऊन आम्ही बसलो होतो. शिवाय कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू जमतो तो वेगळाच. आजी दहा मिनिटांनी आली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही फार वेळ करत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आजीनंच सांगितलं, मिस्त्रीकडे जा. चादरीत झाकण गुंडाळून आम्ही सायकलवरून स्टेशनकडे गेलो.

मिस्त्रीकाकांनी चादर उलगडली आणि ते बराच वेळ हसले. मग थिनरचा बोळा घेऊन आमचा पांढरा रंग एका मिनिटात पुसून टाकला. दोन दिवसांची मेहनत चिंधीवर आली! खालची लांबी त्यांनी नखानं वाजवली. ठणठणीत.

"ही कुणी लावली?"

"आम्ही."

"हार्डनर किती घातलं होतं?"

मी दादाकडे बघितलं. दादानं जमिनीकडे बघितलं.

"लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढं घालायचं असतं," मिस्त्रीकाका म्हणाले. "जास्त झालं ना, तर ते आत बसून राहतं आणि पंधरा दिवसांनी रंगातून पिवळा डाग होऊन वर येतं. कितीही हात मारा, येतंच. जास्त घातलं असेल तर आत्ताच सगळी काढू. एक दिवस जाईल."

एक दिवस! माझ्याकडे तोच तर नव्हता.

"तेवढंच घातलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पोरगं कशाला खोटं बोलेल? लांबी तशीच राहिली. पण तरी पुढचं काम उद्यापर्यंत होणार नाही असं त्यांनी साफ सांगितलं. "या गारठ्यात प्रायमरला एक दिवस, रंगाला एक दिवस. मी घाई केली तर मलाही तुमच्यासारखंच पांढरं मिळंल." म्हणजे मी ज्यासाठी खोटं बोललो तो दिवस वाचून काहीच उपयोग झाला नाही. तरीही मी बोललेलं परत घेतलं नाही.

रविवारी संध्याकाळी बाबा आले. अंगणात स्कूटर उभी होती, उजवीकडून इंजिन उघडं पडलेली. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. मित्राचं, हौदाचं, धोपाटण्याचं, अगदी शेगडीचंसुद्धा. शेगडीचं ऐकल्यावर बाबा आजीच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "पुढच्या रविवारी आपण दोघं मिळून रंगवू. तोवर असंच चालवतो." आणि सहा दिवस ते उघड्या इंजिनाची स्कूटर घेऊन शाळेत गेले. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा. बाबा प्रत्येकाला काय सांगत होते हे मी कधी विचारलं नाही.

ट्यूबचं तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मीच ठेवलं.

तो पुढचा रविवार मात्र माझ्या लहानपणातला एक झकास रविवार होता. मिस्त्रीकाकांनी प्रायमर दिला होता, नव्या डब्यातून काढून, आणि एकच गुरुमंत्र दिला होता की पत्रा गालासारखा लागला पाहिजे. सकाळी अंगणातल्या बाजेवर झाकण उन्हात ठेवलं. नऊला हात लावला तर बर्फ. दहाला कोमट. अकराच्या सुमाराला बाबांनी एक हात झाकणाला आणि एक माझ्या गालाला लावला आणि म्हणाले, "आता सारखे." आईनं आत चुलीवर पाणी तापवलं होतं. ते बादलीत ओतून बाहेर आणलं आणि रंगाचा डबा झाकण घट्ट लावून त्यात उभा केला. गार रंग काकवीसारखा जड असतो, कोमट झाला की सरळ वाहतो. विस्तव घरात, रंग अंगणात, दोघांची भेट होऊ द्यायची नाही. बाबांनी तोंडाला ओला रुमाल बांधला आणि मला वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं.

फ्लिटचा पंप मिस्त्रीकाकांनी टाचणीनं साफ करून परत दिला होता. बाबा एक पातळ हात मारायचे आणि मग आम्ही पंधरा-वीस मिनिटं नुसते बसायचो. शेंगा खात. या बसण्यात मला त्या पांढऱ्या रंगाचं कोडं उलगडलं. बाबांनी विचारलं, "माठातलं पाणी गार का होतं?" मी म्हटलं, पाणी झिरपून उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. "आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम का येतो?" हवेतली वाफ गार पितळेवर थिजते म्हणून. "मग आता दोन्ही एकत्र कर," ते म्हणाले. थिनर पाण्यापेक्षा किती तरी भराभर उडतो. उडताना पत्रा आणखी गार करतो. संध्याकाळी हवा दमट, दव पडायला आलेलं, पत्रा आधीच गार. त्या ओल्या रंगावर हवेतलं पाणी बारीक थेंबांनी बसतं आणि रंग पांढरा दिसतो. म्हणजे शुक्रवारी आमच्या झाकणाला घाम आला होता! कोडं सुटल्याच्या आनंदात मी शेंगांची टरफलं रंगावर उडवणार होतो, थोडक्यात वाचलो.

चार हात झाले. तीन वाजता बाबांनी पंप खाली ठेवला. अजून एक मारू म्हटलं तर म्हणाले, "ऊन उतरलं." दव पडायच्या आत झाकण माजघरात गेलं. वरचा पोत मोसंबीच्या सालीसारखा खरबरीत आला होता. आठवडाभर मुरू दिल्यावर बारीक पेपरानं आणि पॉलिशनं तो बराच सपाट झाला. झाकण स्कूटरवर बसलं. नवा हिरवा जुन्याहून थोडा गडद होता, पण लांबून कळत नव्हतं.

मी मात्र लांबून बघत नव्हतो. रोज सकाळी बाबा स्कूटर काढायच्या आधी मी उजव्या बाजूला जाऊन उकिडवा बसायचो. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मला वाटायला लागलं की मिस्त्रीकाका उगीच घाबरवत होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी तो दिसला. पेल्यातून चहा सांडावा तसा फिकट पिवळा डाग, बरोबर मधोमध. दोन दिवसांनी तो घरातल्या सगळ्यांना दिसला.

बाबा संध्याकाळी घरी आले आणि आईला म्हणाले, "मिस्त्रींनी आज स्कूटर बघितली. बिचारे फार ओशाळले. म्हणाले, माझा प्रायमरचा डबा खराब निघाला दिसतो. पुन्हा सगळं फुकट करून देतो म्हणाले."

मी जेवत होतो. ज्वारीची भाकरी आणि पिठलं होतं, इतकं आठवतं. घास गिळेना.

तुम्हाला वाटेल मी लगेच उठून सांगितलं. नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटाच स्टेशनकडे चालत गेलो. दादाला बोलावलं नाही. ट्यूब माझ्या हातात होती. दुकानात मिस्त्रीकाका एका जीपच्या दाराखाली वाकले होते. मी बोलायला सुरुवात करणार तोच मला कोपऱ्यात तो प्रायमरचा डबा दिसला. जवळजवळ भरलेला. त्यावर त्यांनी खडूनं मोठी फुली मारून ठेवली होती.

"काका, हार्डनर मी सगळी ट्यूब घातली होती."

त्यांनी वर बघितलं. थोडा वेळ त्यांना कशाबद्दल ते कळलं नसावं. मग कळलं. ते उठले, हात चिंधीला पुसले, कोपऱ्यात गेले आणि अंगठ्यानं ती फुली पुसायला लागले. खडू पुरता निघेना. मग त्यांनी डबा उचलून इतर डब्यांच्या रांगेत ठेवला.

"बाबांना ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जा की."

घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते काय म्हणाले ते तेवढं माझ्याजवळच राहू द्या.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी आम्ही झाकण पुन्हा काढलं. थंडी ओसरली होती, सकाळी नऊलाच पत्रा गालासारखा लागत होता. गुलाबी लांबी खरवडायला मला सगळी सकाळ लागली. ती इतकी चिवट झाली होती की पटाशी दोनदा हातातून निसटली. बाबा बाजेवर बसून वह्या तपासत होते. नवी लांबी मीच कालवली. मापाला आईनं परडीतून एक लिंबू आणि शेंगेतला एक वाटाणा काढून दिला. ते दोन्ही शेजारी ठेवून मी ट्यूब हळूच दाबली. बाबांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

वीस मिनिटांनी नखानं टोकरून बघितलं. टक् असा आवाज आला.